गुरुजींच्या ठेवी आणि तालुक्याची बँक: एक प्रकरण अभ्यास

प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक गुरुजी, त्यांची पत्नी आणि गावातली एक नागरी सहकारी बँक. बँकेच्या पाच शाखा, सगळ्या याच जिल्ह्यात. बँक आजही सुरू आहे आणि ती सुरू राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून तिचे नाव इथे नाही. ओळख पटू नये यासाठी आकडे थोडे बदलून गोल केले आहेत; त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तेवढे राखले आहे. मी सहकारी संस्थांची लेखापरीक्षणे करतो. या बँकेचे कधी केलेले नाही.

गुरुजींचे या बँकेत १८ लाख ६० हजार रुपये होते. स्वतःच्या नावावर ४, ३ आणि २ लाखांच्या तीन मुदत ठेवी आणि बचत खात्यात ६० हजार. काकूंच्या नावावर ३ लाख. दोघांच्या नावे ६ लाखांची एक पावती, तिचे व्याज दर तिमाहीला हाती येणारे. शिवाय २५ हजारांचे शेअर्स. दोन एकर वावर विकले, त्यातून लेकीचा हिस्सा देऊन ७ लाख उरले होते. तेही याच बँकेत टाकायचे होते, कारण ज्येष्ठ नागरिकांना बँक साडेआठ टक्के देत होती आणि राष्ट्रीयीकृत बँका सातच्या आसपास. टाकावे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट.

गुरुजींचे मत जवळपास ठरलेले होते. "अध्यक्षाले मी चौथीत शिकवलं. त्याच्या बापालेही ओळखतो. तो मले बुडवन का?"

मी म्हटले, "गुरुजी, अध्यक्ष कुणाला बुडवणार नाहीत असंच धरून चालू. मग बँक बुडणारच नाही का?"

या प्रश्नावर ते थांबले. आमच्या भागात ठेव माणूस पाहून ठेवली जाते. माणूस सज्जन असेल तर पैसा सुरक्षित, हे गणित खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि सावकारीच्या काळात ते बरेचसे खरेही होते. बँकेचे तसे नाही. संचालक सज्जन असूनही तिने दिलेले कर्ज बुडू शकते, कारण कर्ज फेडणारा तिसराच असतो आणि त्याचे नशीब कापसाच्या भावावर टांगलेले असते. म्हणून माणसांचा विषय बाजूला ठेवून आम्ही वार्षिक अहवाल उघडला.

अहवालातली तीन वर्षे

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिच्या आधी अहवाल सभासदांना मिळतो. गुरुजींकडे तीन वर्षांचे तिन्ही होते, पण कपाटात. मुखपृष्ठावर बँकेची नवी इमारत, आत अध्यक्षांचे मनोगत, श्रद्धांजली, संचालकांचे फोटो, गुणवंत पाल्यांचा सत्कार. ताळेबंद शेवटच्या पानांवर, बारीक टायपात. सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर होतात आणि मंडळी बुंदी-मसालेभाताकडे वळतात, तेव्हा त्या शेवटच्या पानांपर्यंत कुणी पोचलेले नसते.

आम्ही त्या पानांवरून एक कोष्टक केले. रकमा कोटी रुपयांत. एनपीए म्हणजे थकीत कर्ज, आणि भांडवल पर्याप्तता म्हणजे जोखीम असलेल्या कर्ज-गुंतवणुकीशी बँकेच्या स्वतःच्या पैशाचे प्रमाण.

| तपशील | मार्च २०२३ | मार्च २०२४ | मार्च २०२५ |
|---|---|---|---|
| ठेवी | ७४ | ८१ | ८६ |
| कर्जे | ४६ | ५१ | ५२ |
| ढोबळ एनपीए | ३.२ | ४.६ | ६.१ |
| एनपीएसाठी तरतूद | १.९ | २.५ | २.९ |
| निव्वळ एनपीए | १.३ | २.१ | ३.२ |
| निव्वळ नफा | ०.५२ | ०.४८ | ०.४५ |
| भांडवल पर्याप्तता | १३.१% | १२.२% | ११.४% |

गुरुजींची नजर आधी नफ्याच्या ओळीवर गेली. बहुतेकांची तिथेच जाते. "पंचेचाळीस लाख नफा आहे की! तोटा तर नाही."

नफ्याची ओळ सगळ्यात शेवटी वाचायची असते, कारण वरच्या सगळ्या ओळींनी ती घडवलेली असते. नव्वद दिवस हप्ता किंवा व्याज थकले की कर्ज एनपीए होते. पीक कर्जाला मात्र हंगामाचा हिशेब लागतो, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम. एनपीए झालेल्या कर्जासाठी बँकेला नफ्यातून पैसा बाजूला काढावा लागतो. ताळेबंदात तो देणे बाजूला ‘बुडीत व संशयित कर्ज निधी’ या नावाने दिसतो. पहिल्या वर्षी, कर्ज ‘उपप्रमाणित’ असताना, ही तरतूद १० टक्के. मग ते ‘संशयित’ झाले की तारण असलेल्या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के, पुढची दोन वर्षे ३० टक्के आणि त्यानंतर पुरे १०० टक्के. तारणाबाहेरचा भाग संशयित होताच पूर्ण भरावा लागतो.

आता कोष्टक पुन्हा पाहा. २०२३ मध्ये थकलेल्या दर शंभर रुपयांमागे ५९ रुपये बाजूला काढलेले होते. २०२५ मध्ये ते ४८ वर आले. यात लबाडी नाही. थकीत कर्जे ताजी आहेत, म्हणून नियमाप्रमाणे आज तरतूद कमी लागते. पण हीच कर्जे वसूल झाली नाहीत तर पुढची तीन-चार वर्षे तरतुदीचा आकडा दरवर्षी नफ्याला खात जाणार. २०२३ इतकेच प्रमाण राखायचे ठरवले असते तर यंदा सत्तर लाखांहून जास्त रक्कम आणखी बाजूला काढावी लागली असती. नफा पंचेचाळीस लाखांचा. म्हणजे बँक तोट्यात दिसली असती.

यानंतर मी गुरुजींना दुसरी एक तुलना करायला सांगितली, आणि ठेवीदाराने एकच आकडा पाहायचा असेल तर मी हाच पाहायला सांगेन. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेले थकीत कर्ज, ३ कोटी २० लाख. बँकेचा स्वनिधी, म्हणजे भाग भांडवल आणि गंगाजळी मिळून, ६ कोटी ४० लाखांच्या घरात. थकीत कर्जातून काहीच आले नाही असे धरले तर स्वनिधीतल्या प्रत्येक रुपयातले आठ आणे जातात. मग भांडवल पर्याप्तता सहा टक्क्यांवर येते. या आकाराच्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेची किमान अट नऊ टक्के आहे.

गुरुजींनी हा भागाकार स्वतः कागदावर करून पाहिला. गणिताचे शिक्षक होते ते.

थकले कोण?

एनपीएचा आकडा सांगतो किती थकले. का थकले ते सांगत नाही. त्यासाठी आम्ही बँकेत गेलो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चहा सांगितला, दार लोटून घेतले आणि जेवढे सांगता येत होते तेवढे मोकळेपणाने सांगितले. कर्जदारांची नावे त्यांनी सांगितली नाहीत, आम्ही विचारलीही नाहीत.

सहा कोटी दहा लाखांचे थकीत एकेचाळीस खात्यांत होते. त्यातली चार कोटी चाळीस लाखांची थकबाकी अवघ्या नऊ खात्यांची, आणि नऊच्या नऊ जिनिंग किंवा कापसाच्या व्यापारातली. बँकेच्या एकूण ५२ कोटी कर्जांपैकी सुमारे १७ कोटी याच धंद्यात होते.

हे कसे झाले ते आमच्या भागात कुणालाही सांगता येईल. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तसाच भाव येईल म्हणून व्यापाऱ्यांनी चढ्या दराने माल भरला, कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घेतली आणि भाव सात हजारांकडे घसरला. कास्तकारांनी कापूस घरात भरून ठेवला, जिनिंगला माल मिळेना. ज्यांनी घेतला होता त्यांना तो खरेदीच्या भावाने विकता येईना. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, पण हमीभावाने खरेदी सीसीआय, म्हणजे सरकारचे भारतीय कापूस महामंडळ, करते. त्याने व्यापाऱ्याचा जुना खड्डा भरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, त्याचा दाब वेगळा.

प्रत्येक कर्ज मर्यादेत होते. नागरी बँकेला एका कर्जदाराला आपल्या प्रथम स्तर भांडवलाच्या, म्हणजे भाग भांडवल आणि गंगाजळीसारख्या मूळ भांडवलाच्या, १५ टक्क्यांहून आणि एका समूहाला २५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही, आणि तो नियम या बँकेने पाळलेला दिसतो. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर २००३ पासून बंदी आहे. अहवालातल्या टिपांमध्ये त्या ओळीसमोर फक्त स्वतःच्या मुदत ठेवीवरची किरकोळ उचल होती, आणि ती चालते. नियमभंग कुठेही सापडला नाही. तरी नऊ वेगवेगळ्या नावांची नऊ कर्जे एकाच कापसावर उभी होती. एकाच मेढीला नऊ बैल बांधल्यावर मेढ हलली तर नऊही सुटतात. लहान बँकेचा हा दोष तिच्या माणसांचा नसून मुलखाचा आहे. कापूस, सोयाबीन, तूर सोडून या तालुक्यात कर्ज द्यायचे कुणाला?

वसुलीचेही तसेच. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे गोदाम आणि कारखान्याची जागा ताब्यात घेता येते. शेतजमीन मात्र त्या कायद्याच्या बाहेर आहे. आणि लिलाव काढला तरी शेजाऱ्याच्या वावरावर बोली लावायला गावात कुणी पुढे येत नाही, हे वसुली अधिकारी म्हणून काम केलेला प्रत्येक माणूस जाणतो. ताळेबंदात तारणाची किंमत पूर्ण लिहिलेली असली तरी विकताना ती मिळेल असे धरू नये.

ज्या गोष्टी ठीक निघाल्या

मला या बँकेवर अन्याय करायचा नाही, म्हणून हेही सांगतो.

थकीत कर्जांवरचे न आलेले व्याज तिने उत्पन्नात धरलेले नव्हते. ‘एनपीएवरील येणे व्याज’ येणे बाजूला आणि ‘थकीत व्याज तरतूद’ देणे बाजूला, दोन्ही रकमा पैशापर्यंत जुळत होत्या. न जमलेले व्याज जमा दाखवून नफा फुगवणे हा कमकुवत बँकांचा सर्वात जुना मार्ग आहे आणि तो इथे नव्हता. शाखाशाखांमधले न जुळलेले व्यवहार दाखवणारे शाखा समायोजन खाते शून्यावर होते. सोनेतारण कर्जे ९ कोटींची, सगळी वेळेवर फिरणारी. यंदा लाभांश दिलेला नाही. सभेत सभासद त्यावर चिडले, मला मात्र त्यात संचालक मंडळाचे शहाणपण दिसले, कारण तेवढा पैसा स्वनिधीत राहिला.

गुंतवणुकीबाबत मी जरा हट्टाने विचारले, आणि त्याला कारण आहे. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेडसारख्या दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले होते. दीडशे कोटींच्या घरातले पैसे गेले आणि रोखे आलेच नाहीत. त्या प्रकरणात नागपूरच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. वर्धा जिल्हा बँकही त्याच दलालीत पोळली होती. पुढे नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना बँकिंगचा परवाना मिळण्याइतकेही भांडवल उरले नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना आणली, तिच्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या त्या याच. तिन्ही विदर्भातल्या. तेव्हा ‘सरकारी रोखे १९ कोटी’ एवढी ओळ वाचून मी समाधान मानत नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी कपाटातून सीएसजीएल खात्याचा, म्हणजे बँकेचे सरकारी रोखे ज्यात नोंदलेले असतात त्या खात्याचा, उतारा काढून समोर ठेवला. रोख्याचे नाव, व्याजदर, मुदत, दर्शनी किंमत, सगळे ताळेबंदाच्या परिशिष्टाशी ताडून पाहिले. जुळले. वैधानिक रोखता, म्हणजे ठेवींचा कायद्याने सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी ठेवायचा हिस्सा, म्हणून १८ टक्के लागतात, त्याहून रोखे अधिक होते.

रिझर्व्ह बँकेने दोन वर्षांपूर्वी केवायसीच्या त्रुटींसाठी एक लाखाचा दंड केला होता, त्याचे प्रसिद्धीपत्रक सापडले. अशा दंडाने घाबरू नये. तो कारभाराच्या ढिलाईबद्दल सांगतो, बुडण्याबद्दल नाही. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘ब’ झाला, ही गोष्ट मात्र मी जास्त गंभीर मानतो. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर बँकेने दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. तो अहवालात छापलेला नव्हता.

शंभर कोटींचे लक्ष्य

अध्यक्षांच्या मनोगतात ठळक अक्षरांत एक वाक्य होते: येत्या वर्षात ठेवींचा शंभर कोटींचा टप्पा गाठायचा. शाखेत फ्लेक्सही लागला होता. साडेआठ टक्के दर त्यासाठीच होता.

मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. कारणे दोन.

पहिले साधे आहे. बँकेकडे ८६ कोटींच्या ठेवी आहेत आणि कर्जे ५२ कोटींची. वर्षभरात ठेवी पाच कोटींनी वाढल्या, कर्जे एका कोटीने. म्हणजे नव्या ठेवीला गिऱ्हाईक नाही. गुरुजींचे ७ लाख बँकेने साडेआठने घेतले असते आणि सरकारी रोख्यांत साडेसहा-सातच्या आसपास गुंतवले असते. प्रत्येक नव्या ठेवीवर बँकेला खिशातून भरावे लागते आणि फ्लेक्सवरचा आकडा मात्र वाढतो.

दुसरे कारण गावात कुणाच्या बोलण्यात नव्हते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये नागरी बँकांचे चार स्तर केले. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात, त्यांना भांडवल पर्याप्तता नऊ टक्के पुरते. शंभर कोटी ओलांडले की दुसरा स्तर, तिथे ३१ मार्च २०२६ पासून बारा टक्के. ठेवी वाढल्यामुळे वरच्या स्तरात गेलेल्या बँकेला पूर्ततेसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची सवड मिळू शकते, पण अट टळत नाही. दुसऱ्या स्तरापासून वर १ एप्रिल २०२५ पासून ‘त्वरित सुधारात्मक कारवाई’ची चौकट, म्हणजे कमकुवत बँकेवर रिझर्व्ह बँकेने घालायची बंधने, लागू आहे; निव्वळ एनपीए सहा टक्क्यांवर गेला किंवा सलग दोन वर्षे तोटा झाला की बँक तिच्यात सापडते. या बँकेची पर्याप्तता ११.४ टक्के, दरवर्षी जवळपास एका टक्क्याने उतरणारी. निव्वळ एनपीए साडेसहा टक्के. आज ती पहिल्या स्तरात आहे म्हणून चौकटीबाहेर आहे. ज्या दिवशी शंभर कोटींचा सत्कार होईल, त्या दिवसापासून तीच बँक भांडवलात कमी आणि कारवाईच्या उंबऱ्यावर अशी दिसू लागेल.

रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे बँक ‘आर्थिकदृष्ट्या सक्षम आणि सुव्यवस्थापित’ ठरण्यासाठी निव्वळ एनपीए तीन टक्क्यांच्या आत लागत होता. २०२३ ला ती काठावर बसत होती. आता तिचा निव्वळ एनपीए त्या मर्यादेच्या दुपटीच्या वर आहे.

हे मी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना तिथेच सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. ते फक्त म्हणाले, "संचालक मंडळाला ठेवींचा आकडा आवडतो."

विम्याचा हिशेब

तरीही ठेव ठेवली आणि बँकेवर रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्याबाबतचे निर्बंध आले तर काय हाती येईल? नागरी सहकारी बँकेच्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख. त्याआधी १९९३ पासून ती १ लाख होती. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, एका ठेवीदाराला एका बँकेत. शाखा पाच असोत की पन्नास, सगळ्या ठेवी एकत्र धरतात. पावत्या वेगळ्या केल्याने मर्यादा वाढत नाही, वारस नोंदवल्यानेही नाही. ठेवीदाराचे त्याच बँकेत कर्ज असेल तर ते वजा होते. शेअर्सना विमा नाही.

गुरुजींच्या नावावरचे ९ लाख ६० हजार आणि साचलेले व्याज मिळून दहा लाखांच्या आसपास. त्यातले पाच उघड्यावर. काकूंचे तीन पूर्ण सुरक्षित. जोड पावतीतले एक लाख उघड्यावर. एकूण सहा लाख, आणि नवे सात टाकले असते तर तेरा.

इथे एक बारीक तरतूद आहे. जोड खात्यात नावांचा क्रम बदलला की ते वेगळ्या हक्कातले खाते धरतात. ‘गुरुजी आणि काकू’ एक, ‘काकू आणि गुरुजी’ दुसरे, दोन्हींना स्वतंत्र पाच लाख. म्हणजे गुरुजी, काकू, दोन जोड पावत्या अशा चार खणांत साडेचार-साडेचार लाख वर्षभरासाठी ठेवले तर अठरा लाख व्याजासह विम्यात बसतात. गुरुजी हे ऐकून खूश झाले. तिथे काकूंनी हटकले: "पैसे कुठीबी ठेवा, पन मायं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर हाय. तवा हातात पायजे."

काकूंचा मुद्दा अगदी नेमका होता. विमा पैसा बुडू देत नाही, पण तो वेळेवर मिळेल याची हमी देत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासूनच्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे. बँकेच्या विलीनीकरणाचा विचार चालू असेल तर ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढू शकते. तोवर ऑपरेशन थांबत नाही.

आमच्या जिल्ह्याने हे पाहिलेले आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले, ठेवीदाराला पाच हजारांपर्यंतच काढता येत होते. वर्षभरात, ३ नोव्हेंबर २०२२ ला, तिचा परवाना रद्द झाला. तोवर विम्यातून २९४ कोटींहून जास्त रक्कम वाटली गेली होती, पण पूर्ण पैसे मिळण्यास पात्र ठेवीदार सुमारे ७९ टक्केच होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर अर्बन बँकेचा परवाना जुलै २०२३ मध्ये गेला, तिथे हे प्रमाण ९७.६० टक्के होते. फरक एवढाच की यवतमाळला दर पाचातल्या एकाने पाच लाखांच्या वर एकाच ठिकाणी ठेवले होते. ते लोक आपल्यासारखेच होते: निवृत्त शिक्षक, नोकरदार, वावर विकलेले कास्तकार.

बोलता बोलता कळले की काकूंचे दोन लाख गावातल्या एका पतसंस्थेतही आहेत. त्याला डीआयसीजीसीचा विमा मुळीच नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही, निबंधकाच्या येते. आणि काही गडबड झाली तर १९९९ च्या ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याखाली पोलिसांत जाऊन मालमत्ता जप्तीची वाट पाहावी लागते. मुदत संपताच ते काढायचे, यावर चर्चेची गरज पडली नाही.

काय ठरले

माझा निष्कर्ष असा: बँक आज बुडत नाही, तिचे हिशेब प्रामाणिक आहेत, पण तिची ताकद तीन वर्षे सलग उतरते आहे आणि ती ज्या दिशेला धावायचे म्हणते आहे तिकडे गेली तर उतरण वाढेल. अशा बँकेत विम्याच्या आत ठेवावे, विम्याबाहेर नाही.

सगळे पैसे एकदम काढायला मी विरोध केला. मुदतीआधी मोडले तर व्याजात कपात होते हे एक. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. मुख्याध्यापकांनी पैसे काढले ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत जाते. रोखे आणि इतर बँकांतल्या ठेवी मिळून या बँकेकडे तरतूद आहे, पण कुठलीच बँक सगळ्या ठेवीदारांना एका आठवड्यात पैसे देऊ शकत नाही. जून महिन्यात बियाण्यासाठी सोने ठेवून चाळीस हजार देणारी, कृषी केंद्रवाल्याला हंगामाचे कॅश क्रेडिट देणारी ही तालुक्यातली जवळपास एकच बँक आहे. ती पडली तर तो कास्तकार पुन्हा सावकाराच्या ओट्यावर बसेल. ठेवीदाराने स्वतःला सांभाळताना बँकेखालची माती उकरू नये, असे मला वाटते आणि गुरुजींनाही पटले.

नवे ७ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. तिथे ८.२ टक्के, सरकारची हमी. बँकेच्या साडेआठशी फरक वर्षाला २,१०० रुपयांचा. एवढ्यासाठी सात लाख उघड्यावर टाकायचे होते, हे गुरुजींनी स्वतःच आकडा मांडून म्हटले.

नोव्हेंबरमध्ये मुदत संपलेली ४ लाखांची ठेव काकूंच्या ऑपरेशनसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत वळवली. बचत खात्यात दहा हजार ठेवून बाकीचे काढले. ३ लाखांची पावती फेब्रुवारी २०२६ मध्ये पूर्ण होईल, तेव्हा तिच्यातले दोनच लाख पुन्हा ठेवायचे. मग गुरुजींच्या नावावर व्याजासह साडेचार लाखांच्या आत राहील. जोड पावती मोडायची नाही. जानेवारी २०२७ पर्यंत तिच्यातले एक लाख विम्याबाहेर आहेत, ते जाणूनबुजून राहू दिले.

सभासद म्हणून गुरुजींनी बँकेला स्वहस्ते एक अर्ज दिला, कॉपीबुकातल्या अक्षरात, तीन मुद्द्यांचा. दोष दुरुस्ती अहवालाची प्रत मिळावी. कापूस व्यापारातल्या कर्जांचे एकूण कर्जांशी प्रमाण पुढच्या अहवालात छापावे. आणि शंभर कोटींचे लक्ष्य ठरवताना दुसऱ्या स्तराच्या बारा टक्के भांडवलाची तजवीज काय केली, ते सांगावे. पहिल्याची प्रत मिळाली. दुसरे मान्य झाले. तिसऱ्यावर ‘संचालक मंडळाच्या आगामी सभेपुढे विषय ठेवण्यात येईल’ असे लेखी उत्तर आले असून ती सभा अजून व्हायची आहे. मार्च २०२६ चे आकडे आले की याच कोष्टकात चौथा रकाना भरायचा, तो गुरुजींनी आखून ठेवला आहे.